चव्वेचाळीस-चाळीसची गोळी

मु. डब्लिन, ओहायो
फेब्रुवारी २००४

आदरणीय मोरेश्वरराव व्याही यांस कृष्णाजीचा रामराम. आपला गुडघा आणि विहीणबाईंचा खोकला आता बरा असेल असे धरून चालतो. आपली हिमानी व आमचा शंतनू खुशाल आहेत. बर्फ फार आहे.

लिहिण्याचे कारण तसे काही नाही. झाले असे, की थंडी सरेपर्यंत शंतनूने माझा मुक्काम वाढवला आणि प्रेशरच्या गोळ्या संपत आल्या. (त्याच्या ऑफिसात माणसे कमी करताहेत, ग्रीन कार्डही अडकले आहे, म्हणून त्याला बोललो नाही.) शेजारचा वेंडेल नावाचा म्हातारा बर्फ ओढत होता. त्याने तब्येत विचारली. बोलायला माणूस मिळाला म्हणून मी माझ्या इंग्रजीत सांगितले, की माझी बुलेट संपली. गोळीला बुलेट म्हणतात एवढे मला येते. त्याने कुठली म्हणून विचारले. पाकिटावर चाळीस लिहिलेले असते, म्हणून म्हटले, फॉर्टी. तो खूश होऊन म्हणाला, "फॉर्टी-फोर फॉर्टी?" मला वाटले, अडखळतो आहे बिचारा. यस म्हटले. (समजले नाही की मी यस म्हणतो. इथे त्यावर बरेच निभते.)

तो मला तळघरात घेऊन गेला. तिथे एक लांब बंदूक, एक रिव्हॉल्व्हर आणि रुंद काठाची हॅट. तेव्हा माझ्या ध्यानात आले, पण यस मागे कसे घ्यायचे? त्याने हातवारे करून सगळा इतिहास सांगितला. हे काडतूस १८७३ सालचे. चव्वेचाळीस हे गोळीच्या जाडीचे माप, आणि आत चाळीस ग्रेन काळी दारू (ग्रेन म्हणजे गुंजेहून लहान वजन), म्हणून नावात चाळीस. बंदुकीला चालते तेच रिव्हॉल्व्हरलाही चालते, त्यामुळे घोड्यावरच्या माणसाला पट्ट्यात दोन जाती बाळगायला नकोत. पुढे जोरकस काडतुसे आली आणि हे मागे पडले. आता रविवारी त्याच्यासारखे म्हातारे जुना पोशाख करून लोखंडी पत्र्यांवर नेम धरतात. पत्रा ठणकन वाजला की टाळ्या. निघताना त्याने एक काडतूस माझ्या हातावर ठेवले, जसा आपण पेढा ठेवतो.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पोलीस आले तर शंतनूचे कार्ड गेलेच. म्हणून ते देव्हाऱ्यात पितळी बाळकृष्णाच्या मागे उभे केले. हिमानीने सकाळच्या घाईत त्यालाही गंध लावले.

आपला,
कृष्णाजी

ता. क. : आपल्या शेजारचा विवेक इकडे येणार आहे असे कळते. त्याच्याबरोबर माझ्या गोळ्या पाठवाव्यात. पुडक्यावर 'औषध' लिहावे, 'गोळी' लिहू नये. हिमानीला कळवू नये.

ता. क. २ : हिमानीने फोटो घालायला या पत्राचे पाकीट उघडले आणि सगळे वाचले. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, शेजाऱ्याला सांगितलंत, मला नाही सांगावंसं वाटलं?" या वेळी मी यस म्हटले नाही, गोळ्यांचे पाकीटच तिच्यापुढे ठेवले. तिने मीटिंग कॅन्सल केली आणि मला डॉक्टरकडे नेले. त्याने नवी गोळी दिली, प्रेशर आणि हृदय दोन्हींना एकच. (ही १८७३ सालची का, असे विचारायला सांगितले, तर हिमानीने विचारले नाही.) काडतूस तिने स्वतः वेंडेलला परत केले. ते रिकामे निघाले. आत दारू नव्हती, नुसती शोभेची वस्तू.

ता. क. ३ : तेव्हा गोळ्या पाठवू नयेत. त्याऐवजी माझी पांढरी टोपी पाठवावी. रविवारी पत्रे वाजवायला वेंडेलने बोलावले आहे. हॅट नसली तर टोपी चालेल म्हणतो. हे हिमानीला कळवायला हरकत नाही, गाडी तीच चालवणार आहे.