सार्थकची पुडी सोडवण्याचा माझा प्लॅन

८ जानेवारी, बुधवार, स. ७
सार्थकच्या कंपासपेटीत गुटख्याची पुडी सापडली. वय पंधरा! भाकरी तशीच बाजूला सारली. शेवटी तंबाखूचा बार भरला, तेव्हा कुठे डोकं चाललं. महिन्याभरात पोराची सवय सोडवणार. मनावर घेतलं की मी ऐकत नाही.

१० जानेवारी
मंचरच्या व्यसनमुक्तीवाल्या तेजस्विनी मॅडम फोनवर म्हणाल्या, कुटुंबाचा सहभाग हवा. टोमॅटोची पिकअप काढली. चुलते, मामा, आत्या, भावकी धरून चौदा माणसं नेली. शिपायानं विचारलं, सुपारी फोडायला आलाय का राव? बाकावर भिमाजीकाकांनी तंबाखूची डबी काढली, ती सगळ्यांत फिरली. मॅडम काचेतून बघत होत्या. इम्प्रेस झाल्या असाव्यात. म्हणाल्या, पुढच्या वेळी फक्त आईवडील या.

११ जानेवारी
घरात नियम केला. जो चुकेल त्यानं रविवारी लेण्याद्रीच्या सगळ्या पायऱ्या चढायच्या आणि गणपतीसमोर कान धरायचे. सार्थकनं विचारलं, समद्यांना लागू का? म्हटलं, नियम म्हणजे नियम. माझी बायको उज्ज्वला का हसली, कळलं नाही.

दुपारी तंबाखूची मिसरी लावली. उज्ज्वला म्हणे, हीपण चूक धरायची. अगं, मिसरी दात घासायला असते!

१२ जानेवारी, रविवार
चढलो. पोराला उदाहरण म्हणून. सार्थक साक्षीदार.

१९ जानेवारी, रविवार
पुन्हा चढलो. पिंपरी पेंढारच्या लग्नात पाहुण्यांनी मळून हातावर ठेवली. नको म्हणणं बरं दिसतं का? सार्थकची एकही चूक नाही, तरी येतो. माझी पिशवी धरतो.

२ फेब्रुवारी, रविवार
आजही मीच. निम्म्यात छाती भरून आली, बसलो. तेवढ्यात माकडानं माझ्या खिशातली तंबाखूची पुडी पळवली. मी पुडीमागे वीस पायऱ्या धावलो. धापा टाकत वळलो तर सार्थक रडत होता. म्हणाला, पप्पा, तुमाला काय झालं तर आमी काय करायचं? मलाही रडू आलं. पुडी नवीन होती, हे मात्र त्याला सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
सक्सेस! सार्थकनं महिनाभर गुटख्याला हात लावला नाही. मी पेढे घेऊनच केंद्रात गेलो. मॅडमनी त्याला विचारलं, कशामुळे जमलं? तो म्हणाला, पप्पांना पायऱ्यांवर बघून.

बघा! म्हटलं मी.

मॅडमनी नवा केसपेपर काढला. पेशंटच्या जागी माझं नाव, गोरख. सोबत येणाऱ्याची सही सार्थकनं केली. दर बुधवारी शाळा सुटली की तो मला घेऊन जाणार आहे.

बाहेर आल्यावर म्हणाला, पप्पा, खिसे दाखवा.

दाखवले.