नीव्हेसच्या नावाची हजेरी

गेल्या कत्तलदिनी चौकात मेलेल्यांच्या हजेरीत माझ्या लेकीचं, नीव्हेसचं नाव पुकारलं, तेव्हा मी वाढवलेली देल्फिना उठून "हजर" म्हणाली. तर हजेरीचा पंच एवारिस्तो सगळ्यांदेखत ओरडला, "खाली बस गं! खुन्याच्या पोरीनं मेलेल्यांसाठी तोंड उघडायचं नाही." नावाला ओ मिळाली नाही. लागोपाठ दोन वर्षं असं झालं की नाव यादीतून खोडतात. म्हणून हे मृत्युपत्र लिहिते.

मी, सिप्रियाना माकुआ, वय एकाहत्तर, राहणार तोरकासा, देश किस्वारा. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत, म्हणून चौकात जाऊन ओ देणं मला जमत नाही. कुणी दमदाटी केलेली नाही. मला दमात घेणारा अजून जन्मायचाय.

घर, विहिरीसकट, देल्फिनाला. देश पुन्हा भरायचा म्हणून सरकारनं बायांना पाच-पाच पोरं काढायला सांगितली, तिनं सहा काढली. ती सहाही डोकी एवारिस्तोनं शिरगणतीत स्वतः धरली. तेव्हा तिचं रक्त चाललं.

कोंबड्यांचं खुराडं एवारिस्तोला. कत्तलीचे तीन दिवस तो त्यातच लपला होता. जागा ओळखीची आहे.

उसाचा कोयता देल्फिनाला. पोरी, तुझा बाप पळून गेला असं मी सांगत आले. खोटं. तुझ्या बापानं, त्या लष्करी सार्जंटनं, माझ्या आठ महिन्यांच्या नीव्हेसला पायाला धरून विहिरीच्या कठड्यावर आपटलं, आणि माझ्याच घरात बायको-पोरीला घेऊन राहायला आला. मी उसात लपले होते, पाचव्या दिवशी तिथून निघून मागच्या दारानं शिरले. तो माझ्या चुलीपाशी माझीच कोंबडी खात होता. मानेवर तीन घाव घालावे लागले, कोयता बोथट होता. तुझी आई तुला टाकून पळाली. तू झोळीत. चौथ्या घावासाठी कोयता तुझ्यावर उगारला होता, लपवत नाही. तू रडलीस आणि माझ्या छातीतून दूध गळायला लागलं. दयाबिया काही नव्हती. छाती दगडासारखी ठणकत होती, रिकामी करायला कुणीतरी हवं होतं. हात न धुताच तुला पाजलं.

आता कोयत्याचं काय करायचं ते तू ठरव. धार लावून ठेवलाय. माझ्या थडग्यावर थुंकायचं तर थुंक, घर सोडू नकोस.

साक्षीदार: दाई ओलाया तूम, आणि पेत्रा, एवारिस्तोची बायको, नवऱ्याला न सांगता आलेली.
सही: सिप्रियाना माकुआ. वाकडी आहे, पण माझीच आहे.
तोरकासा, १४ मार्च, कत्तलीनंतरचं बत्तिसावं वर्ष.

सहीखाली एकच लिहिते, पेत्रानं घरी जाऊन मोठ्यानं वाचावं. नीव्हेसच्या वाट्याचं दूध देल्फिना प्याली आहे. येत्या कत्तलदिनी नीव्हेसचं नाव पुकारलं की देल्फिनानंच ओ द्यायची, उभं राहून. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही.