विनामूल्य पुरवणीचे शुद्धिपत्र

आदरणीय व्याहीबुवांस आदरपूर्वक नमस्कार, आणि विहीणबाईंना स्वतंत्र नमस्कार (दोघांना एकाच नमस्कारात उरकणे मला प्रशस्त वाटत नाही). आपला उजवा गुडघा आता जिना चढू देतो, की अद्याप त्याचा असहकारच चालू आहे, ते कळवावे. माझी मान यथातथा आहे. छापखान्यात मुद्रिते तपासण्यासाठी जी हयातभर खाली घातली, ती आता सहसा वर येत नाही. आणि या घरातील सध्याचे वातावरण पाहता, ती खाली आहे तेच बरे.

आपल्या कन्येने, म्हणजे माझ्या सूनबाईने, काही कळवण्यापूर्वी सर्व हकिकत माझ्या लेखणीतून आपल्यापर्यंत पोहोचावी, एवढाच या पत्राचा हेतू. (तिने आधीच कळवले असल्यास तिचे खरे मानावे, तरीही हे वाचावे.) विमा कचेरीतील नोकरी सोडून ती गेले वर्षभर मागच्या खोलीत बसून आगगाडी चालवण्याच्या त्या संगणकीय खेळाचे 'मॉड' करते, हे आपण जाणताच. आपण स्वतः तो खेळ खेळता, तेव्हा मॉड म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. परंतु विहीणबाई हे पत्र वाचणारच, म्हणून त्यांच्यासाठी खुलासा. खेळ एका कंपनीचा. त्यात कोणा त्रयस्थाने आपल्या कल्पनेने घातलेली भर म्हणजे मॉड. मी तिला पुरवणी म्हणतो. सूनबाईच्या पुरवणीने त्या खेळातील स्थानके, पाट्या आणि घोषणा आपल्या भाषेत होतात. घोषणा माझ्या आवाजात आहेत. (त्या मी कपड्यांच्या कपाटात डोके घालून म्हटल्या. तेथे आवाज घुमत नाही म्हणे. लोकरीचा एक तंतू माझ्या नाकात गेला, आणि चौथ्या फलाटावर गाडी येताना जी किंचित शिंक ऐकू येते, ती त्याची. लोकांना ती फार आवडते, घोषणेपेक्षाही.)

ही पुरवणी आजवर फुकट होती. गेल्या आठवड्यात जेवताना सूनबाई म्हणाली, "बाबा, मी आता ती विकणार आहे." शिल्लक संपत आली होती, आणि एका दूरच्या शहरातील कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. पुरवणी विकली गेली, तर घरी बसून हेच काम. नाही गेली, तर नवरा-बायको दोघेही त्या शहरात. म्हणजे इथे मी, चार खोल्या आणि माझी मान.

व्याहीबुवा, त्या क्षणी मी घास खाली ठेवला आणि तत्त्व उचलले. मी म्हणालो, वर्तमानपत्राबरोबर पुरवणी फुकट येते. तिचे वेगळे पैसे मागणारा विक्रेता मी पाहिलेला नाही. दुसऱ्याच्या घराची एक भिंत रंगवून आपण दाराशी तिकिटे फाडायला बसावे काय? शिवाय त्या पुरवणीतील रूळ एका निवृत्त इंजिनचालकाने हौसेने आखून दिलेले. तो भला माणूस मोकळ्या हाताने देतो आणि आपण त्यावर दुकान मांडतो! यावर ती म्हणाली, "वर्तमानपत्राची पुरवणी फुकट, पण छापखान्यात तुम्ही ती फुकट तपासत होतात का हो?" मी म्हणालो, तो प्रश्न वेगळा. ती म्हणाली, "कसा वेगळा?" तो कसा वेगळा हे मी बराच वेळ सांगितले. आपले जावई मध्येच पाणी आणायला उठले, आणि ते पाणी आणायला त्यांना विहीर खणावी लागली असावी, इतका वेळ लागला. शेवटी सूनबाई काही न बोलता ताटे घेऊन उठली. मौन हे संमतीचे लक्षण, असे मी समजलो. विवाहित स्त्रीच्या मौनाविषयीचे माझे ज्ञान अपुरे आहे, हे माझी दिवंगत पत्नीही सांगत असे.

आता चूक कशी घडली ते. आमची कामाची पद्धत अशी आहे, की सूनबाई तिचा मजकूर पडद्यावर उघडा ठेवून जाते. मी तो तपासतो आणि खालचे हिरवे बटण दाबतो, की तो जपून ठेवला जातो. परवा दुपारी असाच एक मजकूर उघडा होता: 'सर्व खेळाडूंना कळवण्यात येते, की या मॉडसाठी आता मूल्य द्यावे लागेल.' वादाचा निकाल माझ्या बाजूने लागला, अशा समजुतीत मी असल्याने हा मसुदा जुना, हे उघडच होते. चांगला मुद्रितशोधक केवळ अक्षरे पाहत नाही, वस्तुस्थितीही पाहतो. मी लिहिले: 'हे मॉड सदैव विनामूल्य राहील. त्यासाठी मूल्य मागणे हे निर्मातीच्या तत्त्वात बसत नाही.' मग हिरवे बटण दाबले आणि समाधानाने पडलो.

त्या पानावरचे हिरवे बटण जपून ठेवण्याचे नव्हते. ते प्रसिद्ध करण्याचे होते. तेही सूनबाईच्या नावाने.

मी उठलो तेव्हा जगभरातील खेळाडूंनी तिची आरती ओवाळायला घेतली होती. 'पैशाला न विकली जाणारी एकमेव बाई' असे एकाने लिहिले होते. सूनबाई दारात उभी होती. ओरडली असती तर मी ओरडलो असतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवून घ्या." व्याहीबुवा, इतके घाबरवणारे वाक्य मी आजवर ऐकलेले नाही. चिरंजीव स्नानगृहात गेले आणि नळ सोडून बसले.

मी जेवलो नाही. पडद्यासमोर बसून खेळाडूंचा पत्रव्यवहार वाचू लागलो. स्तुती संपताच खरे रूप दिसले. कंपनीने मूळ खेळात काही बदल केला, की पुरवणी मोडते आणि सूनबाई ती पुन्हा जुळवत बसते. त्या दुरुस्तीला दोन दिवस उशीर झाला, म्हणून एक गृहस्थ लिहितात, 'फुकट देता म्हणून काय वाट्टेल तेव्हा देणार?' दुसरे त्याहून थोर: 'आमचा वेळ काय वर आला आहे?' तिच्या वेळेची चौकशी कोणी केली नव्हती. (मीही नाही.) त्याच पत्रव्यवहारात इंजिनचालकाचाही निरोप होता. सूनबाईने विक्रीतील त्याचा वाटा त्याच्याशी महिन्यापूर्वीच ठरवला होता, आणि तो बिचारा विचारत होता, की आता ते सगळे रद्द का? म्हणजे ज्याच्या वतीने मी जेवणाच्या ताटावर एवढा लढलो, तो तिच्या बाजूने केव्हाच सही करून मोकळा झाला होता. खेळाच्या कंपनीचीही परवानगी होती. माझे तत्त्व उभे होते, परंतु त्याच्याखालची खुर्ची कोणीतरी काढून नेली होती.

आज सकाळी, सूनबाईला विचारून (आणि हिरव्या बटणावर तिचे बोट ठेवून), मी पुढील मजकूर प्रसिद्ध करवला: 'शुद्धिपत्र. परवाच्या निवेदनात "सदैव विनामूल्य राहील" असे छापले गेले आहे. त्याऐवजी "आजपासून मूल्य द्यावे लागेल" असे वाचावे. चूक निर्मातीची नसून तपासनिसाची आहे. तपासनीस तिचा सासरा आहे.' माझ्या हातून गेलेल्या कोणत्याही मजकुराला आजवर शुद्धिपत्र जोडावे लागले नव्हते. शेवटचे वाक्य सूनबाईला अनावश्यक वाटले. मी ते ठेवले. त्यानंतर शिव्या आल्या, त्यांतील बऱ्याच मला आहेत. विक्री दुपारी सुरू झाली. नोकरी देऊ करणाऱ्या कंपनीची माणसे आज इथे आली आहेत, सूनबाई त्यांना भेटायला गेली आहे. संध्याकाळी परत येऊन पहिल्या दिवसाचा खप पाहील आणि त्यांना उत्तर देईल. चिरंजीव येरझाऱ्या घालत आहेत. मी शांत आहे, हे आपल्याला अक्षरावरून दिसेलच.

आपला लोभ आहेच. तो या पत्रानंतरही राहावा.

आपला,
व्याही

ता. क. सूनबाईने आपले मत विचारल्यास 'तुझे तू ठरव' असे म्हणावे, परंतु ते अशा स्वरात म्हणावे, की ती इथेच राहील. तो स्वर विहीणबाईंना साधतो.

ता. क. २. आपल्याकडे पुरवणीची फुकट प्रत आहे, हे मी जाणतो. तरीही आज एक विकत घ्यावी. विहीणबाईंनी दुसरी घ्यावी. नावे वेगळी द्यावीत.

ता. क. ३. पत्राचे छायाचित्र काढून फोनवर पाठवत आहे, कारण टपालाइतका वेळ नाही. पहिली प्रत मीच विकत घेतली. त्यासाठी आधी मूळ खेळ विकत घ्यावा लागतो, हे मला कोणी सांगितले नव्हते, तोही घेतला. घेतल्यासारखा सुरूही केला. गाडी निघाली आहे. तीन स्थानके मागे गेली, प्रत्येक वेळी मी स्वतःच स्वतःला थांबण्याची सूचना केली, आणि मी थांबलो नाही. सूनबाई येण्याच्या आत गाडी कशी थांबवतात, ते कृपया उलट निरोपाने कळवावे. तिला किंवा चिरंजीवांना विचारण्याची सोय नाही. मी ग्राहक आहे, हे तिला कळता कामा नये.