रॉड आधी झिजला की मोटर आधी जळली

माय, तू असतीस तर हे मी तुला फोनवरच विचारलं असतं, आणि तू अर्ध्यातच म्हणाली असतीस, "लवकर सांग, चुलीवर दूध हाये." तू गेलीस तेव्हा मी नोकरीला नुकती कुठे लागले होते. नेमकं काय काम करते ते तुला नीट समजावून सांगायचं राहूनच गेलं. तू शेजारणींना सांगायचीस, "पोरगी फ्रीजच्या कंपनीत हाये," आणि त्या मला गाठून विचारायच्या, स्वस्तात एखादा फ्रीज मिळतो का. पण मी फ्रीज बनवत नाही. फ्रीजच्या मागे, खाली, जो काळा डबा घरघरत असतो त्याच्या आतले भाग मी आखते. तो कॉम्प्रेसर. तुझ्याकडेही एक होता, फक्त तुझा उघडा होता, पट्ट्यावर चालायचा, आणि बिघडला की खोलता यायचा. आमचा वेल्डिंग करून कायमचा बंद केलेला असतो. गेली काही वर्षं तर मी नवीन काही आखतही नाही. आहे तोच भाग कमी खर्चात कसा होईल, एवढंच बघते. या कामात मी चांगली समजली जाते. निदान परवापरवापर्यंत समजली जात होते.

दिग्रसला तुझा आइसकांडीचा कारखाना होता. कारखाना म्हणायची ती तूच. आपल्या मागच्या पडवीत मिठाच्या पाण्याची एक टाकी, तिच्यात बुडवलेले पत्र्याचे साचे आणि कोपऱ्यात ते मशीन. बाबा एसटीत कंडक्टर, बहुतेक वेळ पुसदच्या नाहीतर यवतमाळच्या गाडीवर, त्यामुळे मशीनची मालकीण, कारागीर आणि राखणदार सगळं तूच. मार्च लागला की सायकलवर पेट्या बांधून कांडी विकणारे दारात उभे राहायचे आणि जिनिंग मिलमध्ये कापूस निवडणाऱ्या बायांपर्यंत तुझी कांडी जायची. मला अजून ती पडवी दिसते. बाहेर ऊन असं की डोळे मिटावे लागतात, आणि आत तू ओल्या गोणपाटावर अनवाणी उभी आहेस, दोन्ही हातांनी साचा उचलून कोमट पाण्यात बुडवते आहेस, कांड्या सुटताना होणारा तो चटचट आवाज ऐकते आहेस. आवाज बरोबर आला नाही तर तू साचा परत टाकीत सोडायचीस.

एका उन्हाळ्यात मशीन अडकलं. ऐन एप्रिल, लग्नसराई. यवतमाळचा मेकॅनिक म्हणाला की आतला बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, गेला, कंपनीचा मागवावा लागेल, आणि यायला वेळ लागेल. तू त्याला चहा दिलास, तो गेल्यावर तो झिजलेला बुश फडक्यात गुंडाळलास आणि लेथवाल्याकडे गेलीस. त्यानं पितळेचा तसाच एक कातून दिला. कंपनीच्या भागाच्या मानाने तो फारच स्वस्त होता. मी विचारलं, "हा टिकला नाही तर?" तू म्हणालीस, "नाई टिकला त दुसरा करू. आज त चालून राह्यलं ना?" आणि चाललं. किती उन्हाळे चाललं ते मला आठवत नाही, पण तो बुश बदलल्याचंही आठवत नाही.

त्याच वर्षी तू नागपूरहून येणाऱ्या गुळगुळीत काड्या बंद केल्यास आणि गावातल्याच बुरडाकडून बांबूच्या काड्या घ्यायला लागलीस. त्या थोड्या खरबरीत होत्या. एका विकणाऱ्यानं कुरकूर केली तर तू म्हणालीस, "लोक काडी खाऊन राह्यले का?" मला ते इतकं पटलं की मीही डोकं चालवलं. थंड जिभेला गोडी कमीच कळते, मग साखर तेवढी कशाला, असा विचार करून मी एकदा पातेल्यातली साखर कमी घातली आणि मोठ्या उत्साहानं तुला सांगितलं. तू बोट बुडवून चाखलंस. सगळं पातेलं मोरीत ओतलंस. रंगीत पाणी अंगणापर्यंत वाहत गेलं. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "काडी बदलली ते चाललं, बुश बदलला ते चाललं, मग हे काहून नाई चालत?"

"ते वायलं हाये."

"काय वायलं?"

"वायलं म्हणजे वायलं. जाय, घागर भरून आण."

माय, तू त्या दिवशी दोन मिनिटं थांबून मला ते वेगळं म्हणजे काय ते सांगितलं असतंस तर. मी इतकी वर्षं इंजिनिअर आहे, आणि काडी कुठे संपते आणि साखर कुठे सुरू होते ते मला अजून ओळखता येत नाही.

आता झालं काय ते ऐक. कॉम्प्रेसरमध्ये एक कनेक्टिंग रॉड असतो. मोटर फिरते, रॉड दट्ट्याला पुढे-मागे ढकलतो, गॅस दाबला जातो. आमचा रॉड ओतीव लोखंडाचा होता, त्याची दोन्ही भोकं मशीनवर कातावी लागत. मी सुचवलं की लोखंडाची भुकटी साच्यात दाबून भट्टीत भाजू. भाग जवळजवळ तयारच बाहेर पडतो, कातकाम फार उरत नाही. वर्षभर चाचण्या झाल्या. रॉड सगळ्या चाचण्यांत पास झाला. कंपनीनं त्या कॉम्प्रेसरचे घरचे फ्रीज आणि दुकानाचे फ्रीजर स्वस्त केले, दुकानदारांनी फ्रीजर भराभर घेतले, आणि मला ऑफिसात फुलांचा गुच्छ मिळाला. मग पहिल्याच उन्हाळ्यात तक्रारी यायला लागल्या, आणि त्याही जास्त करून आपल्याच बाजूच्या. साहेब म्हणाले, "तुझाच भाग आहे ना तो? जाऊन बघून ये."

मी ढाणकीला गेले. उमरखेडला उतरून पुढे काळीपिवळी जीपनं. तिथे एका बाईचं किराणा दुकान आहे. नवऱ्याची शेती आहे, पण दुकान तिचंच. तिनं आमचा फ्रीजर घेऊन आइस्क्रीम, ताक, पाण्याच्या बाटल्या ठेवायला सुरुवात केली होती, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी तो बंद पडला. मला वाटलं होतं ती भांडेल. तिनं मला सावलीत खुर्ची दिली आणि म्हणाली, "सगळं पाणी झालं मॅडम. मंग काय, आळीतल्या लेकराइले बलावलं, म्हटलं प्या. एवढी मजा केली त्याइनं!" ती हसली. मग म्हणाली, "पण सासू बोलली न. म्हणे, सांगतलं होतं, हे आपलं काम नाई."

मी विजेचा दाब मोजला. फारच कमी होता. तिनंच सांगितलं, संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की दुकानातला पंखाही रेंगाळतो. मला हायसं वाटलं. म्हणजे कारण वीज. तिला मी तसं सांगितलंही. नवा कॉम्प्रेसर बसवायची व्यवस्था केली, जुना बांधून पुण्याला आमच्या कारखान्यात पाठवला आणि तिथे तो कापून उघडला.

आत मोटरची गुंडाळी काळी पडली होती. आणि रॉडचं धाकटं भोकही झिजलेलं होतं, अंडाकृती झालेलं. आता काय म्हणायचं? वीज कमी म्हणून मोटर आधी तापली, मंद फिरली, तेल वर चढलं नाही आणि म्हणून रॉड झिजला? की रॉडच आधी झिजला, अडकला, आणि त्याला ओढता ओढता मोटर जळली? दोन्हीचा शेवट असाच दिसतो. मी आणखी कॉम्प्रेसर कापून घेतले. काहींत तसंच, काहींत नुसती मोटर जळलेली आणि रॉड नव्यासारखा. एका जुन्या रॉडच्या कॉम्प्रेसरमध्येही तीच झीज निघाली. सकाळी मला वाटायचं माझा रॉड निर्दोष आहे. जेवण होईपर्यंत वाटायचं की नाही, यात मीच काहीतरी सोडलं आहे.

पुढच्या उन्हाळ्याचा माल बनवायची वेळ आली. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, भाग तुझा आहे. चालू ठेवायचा की बंद करायचा?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही, सर."

"हे मी वर जाऊन सांगू?"

कोणीतरी हसलं. मी उभीच होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर तू मोरीशी पातेलं घेऊन उभी होतीस. मला वाटलं, आता कळेल. पण तू नुसतीच उभी होतीस. शेवटी मी म्हणाले की घरच्या फ्रीजला नवा रॉड राहू द्या, दुकानाच्या फ्रीजरला जुना परत घाला. दुकानात झाकण सारखं उघडतं, मशीनला विसावा नसतो. ऐकायला ते शहाणपणाचं वाटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तसंच झालं. फ्रीजर पुन्हा महाग झाला, आणि या उन्हाळ्यात तक्रारी कमी आल्या. साहेब म्हणतात, तुझा निर्णय बरोबर होता. पण या वर्षी तिकडे दोन पाऊसही अवेळी पडले, पंप कमी चालले, विजेचा दाब बरा होता. मग बरोबर कोण होतं?

आणि परवा ढाणकीच्या त्या बाईचा फोन आला. तिच्या नणंदेला शेजारच्या गावात दुकान टाकायचं आहे, तोच फ्रीजर हवा आहे, आणि आता त्याची किंमत तिला झेपत नाही. मी सांगितलं, "ताई, आता आतला भाग जास्त मजबूत आहे."

"कायले केला मजबूत?" ती म्हणाली. "आमाले पहिलेवालाच पायजे होता. बिघडला त बिघडला, तुमी बदलून देल्ला ना. आता नणंद घेतच नाई म्हणते. तिचा नवरा म्हणून राह्यला, राहू दे, मजुरीले जा."

तिची फसवणूक होऊ नये म्हणून मी ते केलं, असं मला वाटत होतं. आणि ती मला असं विचारत होती की जणू मी तिच्या नणंदेच्या हातातून काहीतरी काढून घेतलं. तू तिच्या जागी असतीस तर लेथवाल्याकडे गेली असतीस. पण आमचा डबा उघडत नाही, माय. तोही आम्हीच बंद केला, स्वस्त पडतो म्हणून.

मी नणंदेसाठी जुन्या मालातला एखादा फ्रीजर कुठे शिल्लक आहे का ते शोधते आहे. एका व्यापाऱ्याकडे दिग्रसलाच आहे म्हणे. माझाच रॉड असलेला. तो तिला द्यायचा की नाही, तेही मला कळत नाही. बहुतेक देईन, आणि बिघडला तर बघू, असं म्हणेन; तेव्हा माझा आवाज तुझ्यासारखा येईल की साहेबांसारखा, कोण जाणे.

हे पत्र कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे. एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नाही ती सांगते. त्या दिवशी ढाणकीहून निघताना बाईनं विचारलं होतं, "तुमी कुठच्या हो, मॅडम? बोली त आपल्याइकडची वाटते." मी दिग्रस सांगितलं. आणि मग न विचारताच तुझ्याबद्दल सांगितलं, कुठली गल्ली, कसला कारखाना, कोणकोणत्या गावाच्या बाजारात कांडी जायची. ती बराच वेळ आठवत राहिली, चांगली बाई आहे, मनापासून आठवत होती. मग म्हणाली, "नाई बाप्पा, नाई आयकलं कधी." तिचा बंद पडलेला फ्रीजर शेजारीच उभा होता, मी त्याच्यासाठी एवढ्या लांबून आले होते, आणि काळीपिवळीत बसल्यावर मला रडू आलं ते त्याच्यासाठी नाही.