ईशान्येचा मासा हर्षलला

मी, कडूबाई राधाकृष्ण गुंजाळ, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम (आता बंद), राहणार भिंगार, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे आपल्या तोंडातलं नगरच, हे मृत्युपत्र चष्मा लावून, शुद्धीत आणि कोणाच्या धाकात न येता लिहून ठेवते. माझं कमरेचं हाड मोडलं होतं, डोकं नाही. पुढे 'म्हातारीला भ्रम झाला होता' असं कोणी म्हणालं, तर त्याने सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला पाहावा. कोण म्हणेल हे मला ठाऊक आहे. त्याचं नाव दुसऱ्या कलमात आहे.

कलम १. भिंगारचं माझं तीन खोल्यांचं घर, पुढच्या अंगणासह, माझ्यामागे माझी सून मोनिका हिला मिळावं. ती सध्या कर्जतला माहेरी राहते. हे घर वडिलोपार्जित नाही. कॅन्टोन्मेंटमधल्या जवानांच्या वर्द्या शिवून मी ते घेतलं आहे, त्यामुळे त्यावर कोणाचा जन्माने हक्क नाही. ते मोनिकाने ठेवावं, भाड्याने द्यावं किंवा विकावं. विकायचं झाल्यास माझ्या मुलाला सोडून कोणालाही विकावं.

कलम २. माझा एकुलता एक मुलगा हर्षल याला घरातला काहीही हिस्सा नाही. कारण लिहिते.

माझे पती गेल्यावर घर खायला उठायचं. मोनिकाने दिवाणखान्यात अडीच फुटी काचेची टाकी आणवली आणि आम्ही दोघींनी मिळून मासे निवडले. निवडायला आम्हाला उन्हाळाभर वेळ लागला. आमचं बोअरचं पाणी जड, म्हणून चमकत्या पट्ट्याचे निऑन मासे मोनिकाला कितीही आवडले तरी आणले नाहीत, कारण त्यांना ते सोसत नाही. टायगर बार्ब दिसायला देखणे, पण दुसऱ्यांचे लांब पंख कुरतडतात. ते दुकानातच राहिले. वरच्या पाण्यात शांत गौरामीची जोडी, मधे प्लॅटी, आणि तळाला कोरी, म्हणजे मिशा हलवत वाळू हुंगणारे बुटके मासे. एकाचं तोंड एवढं मोठं नको की त्यात दुसरा मावेल, हा आमचा पहिला नियम होता. टाकी लहान असली की तो नियम मोडून चालत नाही.

मग मी न्हाणीत पडले आणि दवाखान्यात गेले. हर्षल प्लॉटची दलाली करतो. माझ्या माघारी त्याने माझ्याच घराला गिऱ्हाईक शोधलं. गिऱ्हाईक अडून बसलं, तेव्हा त्याने एक वास्तूवाला आणला. वास्तूवाल्याने होकायंत्र फिरवलं आणि सांगितलं, टाकी ईशान्येला सरकवा आणि तीत फ्लॉवरहॉर्न सोडा. फ्लॉवरहॉर्न म्हणजे कपाळावर टेंगूळ असलेला, तळहाताएवढा लालभडक मासा. टेंगूळ जेवढं मोठं तेवढी बरकत मोठी, असं मानणारे आपल्या नगरात पुष्कळ आहेत. पण तो एकट्याने राहणारा मासा आहे, हे दुकानदाराने हर्षलला सांगितलं होतं. मी नंतर विचारून आले आहे.

पुढचं शेजारच्या अलिझाने दारातून पाहिलं आणि मला जसंच्या तसं सांगितलं. मोनिका म्हणाली, "अवो, त्याचं तोंड बघा की. आईंच्या बारक्या माशांचं काय हुईल?"

हर्षल म्हणाला, "तुला काय कळतंय? गप बस. घर इकलं की दुसरे आनू."

प्लॅटी आधी संपले. गौरामी कोपऱ्यात दडून राहिल्या, त्यांना फ्लॉवरहॉर्नने धडका देऊन मारलं. मोनिका रडत जाळी घेऊन आली, तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "त्या माशाला हात लावलास तर माहेरचा रस्ता धर."

तिने त्याला हात लावला नाही. फिल्टरमागे दडलेल्या दोन कोरी तेवढ्या ओंजळीत काढल्या, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातल्या आणि कर्जतची एसटी पकडली. कोणी तिला थांबवलं नाही.

मी वॉकर धरून घरी आले तेव्हा टाकीत तो एकटाच होता आणि काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, "मोनिका कुठंय?" हर्षल म्हणाला, "आई, मासेच तर हुते. त्याच्यावरून कोन घर सोडतं व्हय?" मी सुनेचं विचारलं आणि त्याने माशांचं सांगितलं. त्याच दिवशी हे कलम माझ्या मनात लिहून झालं.

तो माझ्या पोटचा आहे. मला त्याचं दुःख आहे. पण घर देण्याएवढं नाही.

कलम ३. माझ्या नणंदबाई राहीबाई यांनी हे लग्न जमवलं. पत्रिका जुळली म्हणून त्या पेढे घेऊन आल्या होत्या. मी विचारलं, "वन्सं, पोराचा सोभाव तिकडं सांगितला का?" त्या म्हणाल्या, "लगीन झालं की समदे वळनावर येत्यात, वैनी." माझे पती बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हते, त्यामुळे माझं कोणी ऐकलं नाही. एका गौरामीसाठी आम्ही जेवढी चौकशी केली तेवढीही त्या पोरीसाठी झाली नाही. राहीबाईंचा माझ्या मोहनमाळेवर फार वर्षांपासून डोळा आहे. ती माळ मोनिकाला द्यावी. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये, असं वकीलबाई सांगतात, म्हणून राहीबाईंना मी मुद्दाम साक्षीला बोलावलं आहे. फोनवर त्या म्हणाल्या, "माळंचं बगितलं का, वैनी?" मी म्हटलं, आधी सही करा. त्या पहिल्या गाडीने येत आहेत.

कलम ४. शिवणयंत्र अलिझाला द्यावं. तिचा हात साफ आहे आणि तिने मला खरं सांगितलं. पतसंस्थेत जे थोडंफार आहे ते माझ्या क्रियाकर्माला लावावं. दहाव्याला वास्तूवाल्याला आवर्जून बोलवावं, ईशान्येकडे तोंड करून बसवावं, आणि घर कोणाला गेलं ते त्याला पहिला घास घेण्याआधी सांगावं.

कलम ५. हर्षलला मी तो फ्लॉवरहॉर्न, त्याच्या खाद्याचा डबा आणि वास्तूवाला विसरून गेलेलं होकायंत्र देते. माशाशी माझं भांडण नाही. त्याने जातीसारखं केलं, आणि तो त्या टाकीत आपणहून आला नव्हता. मी त्याला नियमाने खायला घालते. तो माझ्याआधी मेला तर माझ्या खर्चाने तसाच दुसरा आणावा, टेंगूळ बघून.

मासा हर्षलने स्वतः येऊन, जाळी न वापरता, हाताने काढावा. त्या वेळी मोनिका समोर खुर्चीवर बसलेली असावी. हा मासा चावतो. माझ्या दोन्ही हातांवर खुणा आहेत. हे कलम हर्षलला मासा काढून झाल्यावर वाचून दाखवावं.

कलम ६. त्यानंतर टाकी धुवावी, पाणी बदलून फिल्टर चालू करावा आणि टाकी ईशान्येतून काढून खिडकीपासून दूर, जुन्या जागी ठेवावी. हे मोनिकाला सांगायची गरज नाही, तरी लिहिते, कारण लिहिताना बरं वाटतं. बरणीतून गेलेल्या कोरींना कर्जतला पिल्लं झाली आहेत. मागच्या रविवारी तिने फोनवर सांगितलं, "आई, बारकी बारकी हायती, पन मिशा हायती." त्यांना घरी आणावं. पिशवी एकदम ओतू नये. आधी पाण्यावर तरंगत ठेवावी, मग टाकीतलं थोडं थोडं पाणी तीत घालावं, म्हणजे त्यांना इथल्या पाण्याची सवय होते. घाई करू नये. मोनिका, तूही घाई करू नकोस. तू लग्न होऊन आलीस तेव्हा या घराने तुला तेवढाही वेळ दिला नव्हता.

पिशवी तरंगत असताना हर्षलने दार वाजवलं, तर उघडू नये.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. निकिता गाडेकर, नगर, यांनी करावी. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर माझ्या नावाचं दुसरं कोणी दाखवलं, तर ते खोटं समजावं, आणि ते हर्षलने आणलं आहे असंही समजावं.

वरचा मजकूर मी वाचला, मला पटला, आणि मगच सही केली.

(सही) कडूबाई राधाकृष्ण गुंजाळ

कडूबाईंनी आमच्या दोघांच्या समोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. मजकूर आम्ही वाचलेला नाही.

साक्षीदार १: (सही) इब्राहिम दगडू शेख, शेजारी, भिंगार

साक्षीदार २: (सही) राहीबाई महादू खेडकर, नणंद, पाथर्डी

स्थळ: भिंगार, अहिल्यानगर
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२५