बाबांच्या खोलीतली ओल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (पाठीने परवानगी दिली तेवढाच वाकलो आहे, उरलेला उभ्यानेच पोचला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढायचे नाहीत असं डॉक्टरांनी सांगितल्यावरही तू गच्चीवर जातेस हे मला भाचीकडून कळलं आहे, पण आज मी तुला रागावण्याच्या स्थितीत नाही. बाबांनी तुला फोन करून ‘माझ्यासाठी कुठेतरी एक स्वतंत्र खोली बघ’ असं सांगितल्यापासून तू माझ्याशी ज्या आवाजात बोलतेस, त्या आवाजात लोक चोराशीही बोलत नाहीत. आम्ही दोघांनी मिळून बाबांना छळलं असं तुझं मत झालेलं दिसतं. छळलं हे खरं आहे. पण आम्ही भिंतीला छळत होतो आणि बाबा मध्ये सापडले. सगळं फोनवर सांगितलं असतं, पण मी फोनवर बोलतो तेव्हा निम्मी इमारत हातातलं काम थांबवते, म्हणून हे पत्र.

बाबांच्या खोलीतली बाहेरच्या अंगाची भिंत तुला आठवत असेल, जिला ते लोखंडी कपाट टेकवलेलं आहे. थंडी सुरू झाली तसा कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढा काळपट डाग दिसू लागला. मग तो ताटाएवढा झाला, मग पोपडे सुटले, आणि खोलीला जुन्या ओल्या पोत्यासारखा वास येऊ लागला. बाबा खोकू लागले. डॉक्टर म्हणाले, ही बुरशी छातीत जाते, आधी भिंतीचा इलाज करा. झालं, भिंतीला डॉक्टर शोधणं सुरू झालं. (ओली भिंत दिसली की माणूस मुळात कोणीही असो, तो तज्ज्ञ होतो. आमच्या पेपरवाल्यानेसुद्धा दारातूनच निदान केलं.)

पहिला आला रंगारी. त्याने भिंत खरवडली, पुट्टी भरली, वर महागातला रंग दिला आणि म्हणाला, डाग परत आला तर नाव बदलीन. डाग परत आला. नाव बदललं का ते ठाऊक नाही, नंबर मात्र बदललेला दिसतो. मग प्लंबर आला. त्याने भिंतीला कान लावला आणि आम्हा सगळ्यांना श्वास रोखायला लावला. त्या कोपऱ्याला लागूनच बाथरूम आहे, तेव्हा तिथलाच पाइप गळतोय असं ठरवून त्याने फरशा फोडल्या. आतला पाइप ठणठणीत आणि कोरडा निघाला. ‘चला, पाइप चांगला आहे हे तरी कळलं,’ असं मलाच समजावून तो गेला. फोडलेल्या भोकावर आम्ही अजून पाट ठेवतो.

राहता राहिल्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मी त्यांच्याकडे अतिशय नम्रपणे गेलो आणि अतिशय भांडून परत आलो. माझं म्हणणं, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या भिंतीत उतरतं. त्यांचं म्हणणं, पाणी खाली उतरतं हे मी वर्गात शिकवलेलं आहे, तुम्ही मला शिकवू नका. पण बाई शब्दाच्या पक्क्या. परीक्षाच घ्यायची तर नीट घेऊ, म्हणून त्यांनी आपलं बाथरूम बंद ठेवलं आणि समोरच्यांकडे आंघोळीला जाऊ लागल्या. खांद्यावर टॉवेल टाकून त्या जिन्यापाशी येत आणि मी दिसलो की मुद्दाम थांबून म्हणत, ‘नमस्कार. कोरडी झाली का?’ झाली नव्हती. उलट डाग बाळसं धरत होता.

शेवटी वॉटरप्रूफिंगवाला आला. त्याच्याकडे दोन सुयांचं यंत्र होतं. ते भिंतीला टोचलं की वाजायचं. डागावर वाजलं, समोरच्या कोरड्या भिंतीवर वाजलं, दारावरही वाजलं. तो गंभीर होऊन म्हणाला, ओल घरभर पसरली आहे. तेवढ्यात हिने ते यंत्र माझ्या तळहाताला लावून पाहिलं, तर ते सगळ्यात जोरात वाजलं. (तरीही मी त्याचंच ऐकलं. यंत्रापुढे माझं काही चालत नाही.) निकाल असा की आतबाहेरचा सगळा गिलावा काढायचा, खोली रिकामी करायची, आणि काम संपेपर्यंत बाबांनी हॉलमधल्या दिवाणावर झोपायचं.

आता बाबांविषयी. या सगळ्या काळात ते एकच वाक्य बोलत होते, ‘भिंत आहे तशी राहू दे, मला तिचा काही त्रास नाही,’ आणि ते बोलतानाही खोकत होते. कारागीर आला की आतून कडी लावायचे. दार उघडेपर्यंत आत बराच वेळ काहीतरी हलवाहलव चालायची. मी हे सगळं म्हातारपणाच्या हट्टाच्या खात्यात टाकलं. पण हॉलमध्ये झोपायचं ऐकल्यावर मात्र ते चिडले नाहीत. जेवण अर्धं ठेवून उठले, आणि त्यांनी तुला फोन केला.

त्यानंतर मी स्वतः अभ्यासाला बसलो. वाचता वाचता एक साधी युक्ती सापडली. स्वयंपाकघरातल्या चकचकीत फॉइलचा तुकडा ओल्या जागी चारही कडांनी चिकटवायचा आणि काही दिवस तसाच ठेवायचा. मागच्या बाजूला पाणी जमलं तर ते भिंतीतून येतंय, पुढच्या बाजूला जमलं तर खोलीतल्या हवेतून. मी काढून पाहिला, तर मागची बाजू खडखडीत आणि पुढच्या बाजूवर थेंबच थेंब! म्हणजे पाइप निर्दोष, गिलावा निर्दोष, मुख्याध्यापिका तर साफ निर्दोष. खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर जाऊन बसत होती, आणि कपाटामागे वारं नसल्यामुळे तिथेच मुक्काम ठोकत होती. फॉइल हातात घेऊन मी पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिला. पण एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत एवढी वाफ येते कुठून, हा प्रश्न काही मला सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून दुपारीच सुटलो आणि बाबांना ही बातमी द्यायला थेट त्यांच्या खोलीत घुसलो. दार लोटलेलं होतं, कडी नीट बसली नव्हती. ‘बाबा, काहीही फोडायचं नाही!’ असं ओरडतच मी आत गेलो आणि तोंडावर ओली चादर आपटली. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत दोरी बांधलेली होती. तिच्यावर ती चादर होती, पायजमे होते, आणि खाली पाणी निथळायला बादली. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा पूर्ण वेगात. बाबा स्वेटर घालून, कानटोपी ओढून खुर्चीत बसले होते.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘हल्ली रात्री घाम फार येतो.’

ताई, बाहेर एवढी थंडी होती की माझी बोटं वळत नव्हती.

मी म्हणालो, ‘येतो खरा. मलाही येतो.’

‘सूनबाईला सांगू नकोस.’

‘काय सांगायचंय? घामाचं?’

‘हं,’ ते म्हणाले, ‘घामाचं.’

मग मी त्यांच्या पलंगावर बसलो. त्यांना फॉइल दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून नीट पाहिला आणि पुढची बाजू बोटाने पुसली. मी बघत होतो ते त्यांच्या मनगटांकडे. या मनगटांनी हे गृहस्थ आम्ही उठायच्या आत चादर धुतात, पिळतात आणि कोणाला दिसू नये म्हणून स्वतःच्या छातीवर वाळवतात. मी घरात इतकी माणसं आणून भिंतीला काय होतंय ते विचारलं, पण भिंतीच्या अलीकडे बसलेल्या माणसाला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

इलाज अगदी साधा निघाला. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, बुरशी धुऊन काढली, खिडकीत हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा बसवला, आणि कपड्यांची दोरी मागच्या बाल्कनीत गेली. बाबांची चादर तिथे एकटी दिसू नये म्हणून मी माझीही रोज धुवायला टाकू लागलो. मला हल्ली घाम फार येतो, असं मी सकाळच्या चहाला जाहीरच केलं. हिने माझ्या कपात आणखी चहा ओतला. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘बाबांच्या बाथरूममधला साबण दोन माणसांइतका संपतो. मला केव्हाच कळलंय.’ मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ‘त्यांनी सांगितलं असतं तर बोलले असते,’ ती म्हणाली. आणि ओलीने गादी खराब होईल असं सांगून गादीवर रबरी अस्तर तिने आधीच घालून ठेवलं होतं! (बाबांनी त्यावर ‘शहाणी आहे’ एवढाच शेरा दिला होता. तो मला कधी मिळालेला नाही.)

वर जाऊन माफीही मागून आलो. खरं कारण सांगणं शक्य नव्हतं, म्हणून हवेतली वाफ वगैरे सांगितलं. मुख्याध्यापिकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे चूक हवेची.’ मग चहा दिला. त्यात साखर नव्हती. विसरल्या की शिक्षा होती, ते विचारायची छाती झाली नाही.

भिंत आता वाळते आहे. खोकला कमी आहे. बाबा जेवतात, माझ्याशी राजकारणावर भांडतात, म्हणजे तब्येत ठीक आहे. स्वतंत्र खोलीचा विषय त्यांनी सोडला आहे, तूही शोधणं थांबव. आणि यातलं तुला काही ठाऊक नाही हे लक्षात ठेव.

तुझा (निर्दोष ठरलेला)
धाकटा

ता. क. : भाऊजींची चौकशी वर केलेली नाही, ती मुद्दाम. त्यांच्याकडे माझं काम आहे. ‘घामासाठी कसला डॉक्टर?’ म्हणून बाबा दवाखान्यात यायला तयार नाहीत. भाऊजींना गेल्या वर्षी हाच त्रास झाला होता आणि औषधाने तो पूर्ण बरा झाला, हे आपल्याला ठाऊक आहे. कारण तेव्हापासून ते ती हकिगत ज्याला त्याला ऐकवतात, माझ्या साहेबांनाही त्यांनी ती जेवता जेवता ऐकवली. आजवर आम्ही सगळे त्यांना चुकवून पळत आलो. आता माझी हात जोडून विनंती आहे, त्यांनी बाबांना सहज म्हणून फोन करावा आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या गोळीपर्यंत सगळं सांगावं. काहीही गाळू नये. न लाजता हे बोलू शकेल असा आपल्या घरात तो एकच माणूस आहे.

ता. क. दुसरा : पाकीट आणायला आत गेलो होतो. परत आलो तर बाबा माझ्या खुर्चीत, चष्मा लावून. किती वाचलं ते कळत नाही. विचारलं तर उठत म्हणाले, ‘जावईबापूंना सकाळी फोन करायला सांग. संध्याकाळी मला नीट ऐकू येत नाही.’