दाजीच्या होडीला विमानाची फरशी

१ जुलै, मंगळवार. सकाळी ६.
शुगर नॉर्मल. बीपी एकशे सत्तर. डॉक्टर म्हणाले, या वयात राग सोडा, नाहीतर राग तुम्हाला घेऊन जाईल. बायकोने, शशिकलेने, घरी येताच माझी हातोडी कपाटात कुलूपबंद केली. परवा मिक्सर दुरुस्त करताना मी हातोडी जराशी वापरली होती, तेव्हापासून घाबरून आहे. मिक्सर नव्हे, शशिकला.
संकल्प: आजपासून कुणावरही हात उचलायचा नाही. रोज शेवटी खरं काय ते लिहायचं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला अवघड ते काय?
आज हात उचलला: नाही. (पेपरवाल्याला पेपर फेकून मारला. पण पेपर त्याचाच होता.)

३ जुलै, गुरुवार.
कोळीवाड्यात दाजीकडे गेलो. चाळीस वर्षांची दोस्ती. त्याची होडी पावसाळ्यापुरती खाडीकाठी ओढून ठेवलीय. पुढच्या डेकच्या दोन फळ्या कुजल्यात. त्या बदलतो म्हणत होता. मी म्हटलं, दोन कशाला? अख्खा डेक बदलू. आणि लाकूड कशाला? विमान लावू!
जासईच्या भंगारात रामूकडे विमानाच्या आतली फरशी आलीय. व्हिडिओ बघून सगळा अभ्यास झाला आहे. वर-खाली पातळ कवच, मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी. अख्खं पॅनल दोन बोटांनी उचलतं. तीनशे माणसं घेऊन आभाळात जाणारी वस्तू दाजीच्या चार टोपल्या कोळंबीला घाबरणार आहे का?
त्याची बायको जनी म्हणाली, भाऊ, लाकडाला आमी वळखतो. ह्याला कोन वळखतंय? मी म्हटलं, मी. मोटार वायंडिंग मी कुणाकडे शिकलो? कुणाकडेच नाही. तरी तीस वर्षं दुकान चाललं.
दाजीचा एकच घोर. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली नाही तर या सीझनला त्याला पुतण्याच्या, केतनच्या, मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून जावं लागेल. दाजी म्हणाला, मेकॅनिक, मरन आलं तरी चालंल, पर केतनच्या हाताखाली जालं वढनार नाय. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.
आज हात उचलला: फक्त स्वतःच्या छातीपर्यंत.

५ जुलै, शनिवार.
जुना डेक उपटला. सागाच्या सात फळ्या. दाजीच्या बापाच्या हातच्या. निघता निघेनात, पहार वाकली. कुजलेलं लाकूड असं चिकट असतं. सगळ्या घरी आणल्या. दाजीला म्हटलं, नीट ठेवतो. बंबात काय सुरेख जळतात! एक तेवढी मागच्या पडवीत दोन विटांवर टाकली, बसायला. तिच्यावर बसूनच हे लिहितोय. टाकाऊच, पण बूड टेकायला ठीक.

६ जुलै, रविवार. दुपारी.
जासई. रामूकडे एक उरणचा गृहस्थ आधीच हजर. त्याला तीच पॅनल हवी होती, फार्महाउसच्या संडासाच्या दारासाठी. विमानाच्या संडासाचं दार! मी शांतपणे पॅनलचं एक टोक धरलं. त्याने दुसरं. ओढाओढीत कड माझ्या तळव्यातून सुरीसारखी गेली. रक्ताची धार. तो म्हणाला, म्हाताऱ्या, सोड. मी सोडलं आणि डोकं त्याच्या पोटात घातलं. तो जुन्या वॉशबेसिनांच्या ढिगावर पडला. त्याच्या ड्रायव्हरने मला मागून लाथ घातली, मी रामूवर पडलो, रामूने गज उचलला आणि तिघांनाही समान न्याय दिला.
चार पॅनल मला मिळाली. पाच टाके.
आज हात उचलला: नाही. डोकं. ते संकल्पात नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
टेम्पोत पॅनल बांधायची गरज नव्हती, फरशी ती फरशी. कळंबोलीजवळ वारा आला आणि एक पॅनल उडालं. वा! अंगात विमानाचं रक्त आहे. रोडपालीच्या वळणावर एका दूधवाल्याच्या मोटारसायकलचा आरसा घेऊन खाली आलं. दूधवाल्याने टेम्पो थांबवून मला दोन थोबाडीत दिल्या. मी एकच दिली, तीही डाव्या हाताने. वीस लिटर दूध रस्त्यावर. शेवटी दोघेही एकाच टपरीवर चहा प्यायलो, बिनदुधाचा. माणूस चांगला आहे. म्हशीला बद्धकोष्ठ झालंय, उपाय सांगितला.
आज हात उचलला: डावा. डाव्याचं बीपीला चालत असावं.

१३ जुलै, रविवार.
जावईबापू आले. निनादराव इंजिनिअर आहेत, पण कॉलेजात शिकलेले. म्हणाले, बाबा, हे पॅनल पसरलेलं वजन झेलतं, एका जागी बसलेला मार नाही. कडा इपॉक्सीने बंद करा, नाहीतर पाणी पिईल. बोल्टसाठी आत भरीव ठोकळे घाला. मी म्हटलं, बापू, आकाशात पाऊस नसतो का? ते हसले. मला हसणं खपतं, पण ते जावयाचं होतं. कॉलर धरली. नुसती धरली. बटणं आपण होऊन तुटली. शशिकलेने लाटणं माझ्या खांद्यावर असं हाणलं की मी श्रीखंडात बसलो. निनादराव म्हणाले, बाबा, सॉरी. किती सालस मुलगा!
आज हात उचलला: नाही. कॉलर खालीच होती, ते बसले होते.

१९ जुलै, शनिवार. खाडीकाठी.
ग्राइंडरने पॅनल कापली. अंगभर खाज. केतन बोटीवरून ओरडला, काका, इमान आलं, हवाई सुंदरी कंची? सगळा कोळीवाडा खिदळला. माझ्या हातात स्पॅनर होता, तो सुटला. सुटलाच म्हणायचं. केतनच्या कानाजवळून गेला आणि मागे उभ्या केलेल्या पॅनलमध्ये, पापडात बोट जावं तसा, आरपार घुसला. स्पॅनर जर्मन आहे. देशी स्पॅनरने हे झालं नसतं.
मग केतन खाली उतरला. तो बत्तीस वर्षांचा, मी अडुसष्ट, तरी दहा मिनिटं चाललं. चिखलात लोळलो. त्याने माझा चष्मा तुडवला, मी त्याच्या दंडाला चावलो. माझा पुढचा दात त्याच्या दंडात राहिला. दाजीने मासळी धुतलेल्या पाण्याची बादली दोघांवर ओतली तेव्हा कुठे सुटलो. मग मीच केतनला धनुर्वाताच्या इंजेक्शनला घेऊन गेलो. पोरगा सुईला घाबरतो, हात धरून बसलो.
भोकात पुट्टी भरली, वर रंग, रंगावर माझ्या जुन्या दुकानाचा गोल स्टिकर. उलट शोभा आली.
आज हात उचलला: नाही. दात.

२६ जुलै, शनिवार.
आजच्याच तारखेला, वीस वर्षांपूर्वी, मी आणि शशिकला घराच्या पत्र्यावर बसलो होतो. पाणी गळ्याशी. दाजी याच होडीतून आला. शशिकलेला डेकवर झोपवलं, मला पकडून बसवलं. तेव्हाही मी त्याला होडी कशी वळवावी हे सांगत होतो आणि त्याने मला वल्हं मारलं होतं. ते वल्हं मी विसरलो नाही. त्याच्यासाठी विमान काय, रॉकेट आणीन.
डेक बसला! लोखंडी बोल्ट कचकचून आवळले. तीन बोल्ट आत गिळले गेले, म्हणजे पकड पक्की.

३ ऑगस्ट, रविवार.
महापरीक्षा. डेकवर अकरा माणसं उभी केली. अकरावा बाळू, केबलवाला, एकशे दहा किलो. डेक हूं की चूं नाही! निनादरावांना लगेच फोटो पाठवला. त्यांचा मेसेज, बाबा, उभे राहण्याचा प्रश्नच नव्हता. हरलेला माणूस असंच बोलतो.
बारावा कोण चढणार यावरून दोघांत जुंपली. बाळू मध्ये पडला, म्हणजे शब्दशः पडला, दोघांवर. एकाची बरगडी. मी कुणाला मारलं नाही, फक्त प्रोत्साहन दिलं.
पॅनल जरा जड झाल्यासारखी वाटतात. कडांना दाबलं की पाणी येतं. लाकूडसुद्धा पाणी पिऊनच पक्कं होतं.

७ ऑगस्ट, गुरुवार.
उद्या होडी पाण्यात. दाजीने नारळ फोडायचा मान मला दिला! म्हणाला, डेक तुझा, नारल तुझा. डोळे भरून आले. जनी म्हणाली, भाऊ, नालंवर फोडा, होरीच्या तोंडाशी लाकूड हाय तिथं. सगलेच तिथं फोडत्यात. मी म्हटलं, वहिनी, सगळ्यांसारखं करायचं असतं तर विमान कशाला आणलं? डेकवरच फोडणार. तिने कपाळाला हात लावला, पण स्टिकरभोवती हळदकुंकवाचा गोल काढला. नेमही सोपा आणि दुकानाचं नावही सगळ्यांना दिसेल.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा.
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर समजून घ्यावं. (कुणी? असो.)
भरती आली. बँड, गुलाल, अख्खा कोळीवाडा. केतनही, दंडाला पट्टी. महिनाभर साठवलेला सगळा संयम मी उजव्या हातात आणला. दर्याला नमस्कार केला, नारळ डोक्यावर नेला आणि स्टिकरवर हाणला.
नारळ फुटला नाही. डेक फुटला. नारळ आत, मागोमाग मी कोपरापर्यंत आत. कवचाच्या कडांनी हात धरला तो सोडेना. मी बाहेर ओढला तशी वरची कातडी सोललेल्या केळ्यासारखी उघडली, पॅनलची आणि माझी. चारपैकी तीन पॅनल शिवणीला फाटली. आतून पोतंभर ओली लगदाळ जाळी बाहेर आली. बँडवाल्यांना वाटलं हाही विधीचा भाग, ते जोरात वाजवू लागले.
केतन ग्राइंडर घेऊन आला. मी डोळे मिटले. तो म्हणाला, काका, हलू नका, हात तुमचाच हाय. आणि माझ्या हाताभोवतीचं पॅनल कापून मला सोडवलं. एक ओरखडासुद्धा नाही काढला.
दाजी उभा होता. वाकला, होडीच्या तळातून नारळ काढला. अख्खा. धुतला आणि घरी घेऊन गेला. बाकीच्या होड्या गेल्या. दाजीची काठावर राहिली.
सतरा टाके.
आज हात उचलला: हो. देवासाठी.

१० ऑगस्ट, रविवार. सकाळी.
दाजी आला. मी पडवीत होतो. नवा चष्मा काढून बाजूला ठेवला, मारताना त्याला अडचण नको. तो मारणारच. पाच जणांनी मारलं महिनाभरात, हक्क तर याचा पहिला.
मारलं नाही. माझ्या शेजारी फळीवर बसला. उद्या पहाटे केतनच्या बोटीवर जातोय म्हणाला. खलाशी. मग फळीखाली हात फिरवला, खिळे चाचपले. ही बापाची तिसरी फली, म्हणाला. बाकीच्या?
मी बंबाकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. बंब पेटलेला होता.
मग त्याने पिशवीतून परवाचा तोच नारळ काढला आणि आमच्या दोघांच्या मधल्या जागेत फळीवर हाणला. एका फटक्यात दोन शकलं. फळीवर चरासुद्धा नाही. अर्धं शशिकलेला दिलं. मला म्हणाला, मेकॅनिक, उठ.
उठलो. फळी खांद्यावर टाकून तो निघाला. दारातून मागे वळला. बीपीची गोली घेतली काय, विचारलं. मी हो म्हटलं. घेतली नव्हती.
आज हात उचलला: नाही. उचलत नाही.
उभ्याने लिहितोय.